क्लिअर लवकर वाळवायला ॲक्सिलरेटर किती टाकायचा? बाटली उघडायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की साताऱ्याजवळ छोटं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, बूथ (पेंट मारायची बंद, गरम करता येणारी खोली) नाही, पत्र्याचं शेड आहे, जुलैच्या पावसात एका पांढऱ्या गाडीचं बोनेट, एक फेंडर आणि पुढचा बंपर रंगवला, वरून टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायचा, चमक देणारा पारदर्शक थर) दोन कोट दिले आणि दोन दिवस झाले तरी अंगठा दाबला की ठसा उमटतोय. दुकानदारानं ॲक्सिलरेटरची, म्हणजे कडक व्हायचा वेग वाढवणाऱ्या औषधाची, बाटली दिली आणि सांगितलं झाकणभर टाक, तासात कडक होतंय. आता विचारलंय की झाकणभर म्हणजे नेमकं किती, ते कशात टाकायचं, आणि दर गाडीला टाकलं तर चालतं का.

भाऊ, तुमची गाडी उशिरा वाळत नाहीये, तुमच्या क्लिअरमध्ये काहीतरी चुकलंय. हे दोन वेगळे रोग आहेत आणि बाटलीतलं औषध फक्त पहिल्यावर चालतं. जुलैमध्ये साताऱ्यात गारठा वाटतो पण शेडमध्ये रात्री सुद्धा २२-२३ डिग्री असतंच, आणि त्या तापमानाला नीट मोजून मिसळलेलं मीडियम हार्डनरचं क्लिअर अर्ध्या तासात धूळ धरायचं थांबतं, चार-पाच तासात हात लावायला होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पार्ट फिट करता येतात. ४८ तासांनी ठसा उमटतोय म्हणजे हार्डनर कमी पडलाय, किंवा हार्डनर मेलेला होता, किंवा थिनर चुकीचं होतं, किंवा एवढा जाड थर दिलाय की आतलं सॉल्व्हंट, म्हणजे थिनर, अडकून बसलंय. यातल्या पहिल्या तीन कारणांवर अख्खी बाटली ओतली तरी काही होणार नाही, कारण ॲक्सिलरेटर नवीन हार्डनर आणून देत नाही.

थोडं आत जाऊन सांगतो कारण हे एकदा कळलं की पुढं कुणाला विचारायची गरज पडत नाही. क्लिअरच्या डब्यात ॲक्रिलिक रेझिन असतं, हार्डनरच्या डब्यात आयसोसायनेट असतं. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचे हात धरत जातात आणि जाळं तयार होतं, त्यालाच आपण कडक झालं म्हणतो. पण हे जाळं होत असताना दुसरं एक काम शेजारी चालू असतं, ते म्हणजे थिनर उडून जाणं. ॲक्सिलरेटर फक्त पहिल्या कामाला पळवतो. दुसऱ्या कामाला तो हातही लावत नाही, थिनर आपल्या गतीनंच उडणार. म्हणून जास्त टाकलं की वरचा थर दुधावरच्या सायीसारखा आधी बंद होतो आणि खालचं थिनर आत कोंडतं. सगळी गडबड इथून सुरू होते, आणि वाईट म्हणजे त्या दिवशी काहीच दिसत नाही. गाडी काचेसारखी चमकते, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जातं. मग आठवडा-पंधरवड्यात ऊन लागलं की ते कोंडलेलं थिनर वाट काढतं, चमक बसते, खालच्या पॉलिपुट्टीच्या (खड्डे भरायच्या लांबीच्या) कडा वर दिसायला लागतात, सँडिंगच्या रेघा उठतात. टॉर्च तिरका धरून बघा, सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकाला बारीक उचललेली कड असते. ती कड बोटाला लागते. ते दिसलं की समजायचं सॉल्व्हंट पॉप झालाय, आणि त्याला रबिंग-पॉलिश हा इलाज नाही, भोकं पॉलिशच्या पांढऱ्या कंपाउंडनं भरतात आणि अजूनच उठून दिसतात.

बाटलीत नक्की काय असतं? बहुतेक ॲक्सिलरेटरमध्ये टिनचं एक कंपाउंड असतं, डायब्युटिल टिन डायलॉरेट, केमिकलवाले त्याला डीबीटीडीएल म्हणतात, आणि ते सॉल्व्हंटमध्ये भरपूर पातळ केलेलं असतं. पातळ का, तर शुद्ध माल इतका जोरकस आहे की शंभर ग्रॅम रेझिनला एका थेंबाच्या आतबाहेर पुरतो. आता हे पातळ किती केलंय ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळं एका कंपनीचं झाकणभर आणि दुसऱ्या कंपनीचं झाकणभर यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. झाकण हे माप नाही, एवढंच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. काही नवीन मालात टिनच्या ऐवजी बिस्मथ किंवा झिंक वापरतात, कारण टिनची ही जात तब्येतीला वाईट आहे, युरोपात २०१२ पासून सामान्य गिऱ्हाईकाला विकायच्या मालात तिच्यावर मर्यादा घातलेली आहे.

दुसरा प्रकार म्हणजे ॲक्सिलरेटेड थिनर. यात कॅटलिस्ट, म्हणजे टिनसारखं वेग वाढवणारं द्रव्य, थिनरमध्येच मिसळून येतं आणि नेहमीच्या थिनरच्या जागी तेच घालायचं असतं. नवशिक्याला मी हाच प्रकार सांगेन, कारण थिनर आपण मापानंच घालतो, त्यामुळं कॅटलिस्टपण आपोआप मापात जातं. काही कंपन्या यात ॲसिटिलॲसिटोन नावाचं अजून एक द्रव्य घालतात, ते डब्यात टिनला धरून ठेवतं म्हणून गनमध्ये माल लवकर घट्ट होत नाही, आणि फवारलं की ते उडून जातं आणि टिन मोकळं होऊन कामाला लागतं. हुशारीची गोष्ट आहे. पण म्हणूनच असल्या डब्याचं झाकण उघडं ठेवायचं नाही, ते द्रव्य उडून गेलं तर पुढच्या वेळी माल कपातच घट्ट होतो.

आणि एक तिसरी बाटली आहे जी ॲक्सिलरेटर नाहीच. आपल्याकडं बरेच जुने मिस्त्री तिला "ड्रायर" म्हणतात, निळसर-जांभळी असते, कोबाल्टची. ती सिंथेटिक इनॅमलसाठी आहे, ट्रकच्या बॉडीला, ग्रिलला, गेटला मारतात त्या पेंटसाठी. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि कोबाल्ट त्याला मदत करतं. टू-के क्लिअरचं वाळणं वेगळ्याच रसायनावर चालतं, त्यात ती टाकायची नाही. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, दुकानदार घाईत काहीही हातात देतो.

आता तुमची गाडी. सगळ्यात आधी मिक्सिंगचा कप शोधा, त्यात उरलेलं क्लिअर असेल तर. नसेल तर पुढच्या वेळेपासून दर मिक्सचा थोडा माल कपात ठेवायची सवय लावा, दोन रुपयांचा कप लाख रुपयांची माहिती देतो. दुसऱ्या दिवशी तो माल घट्ट गोळा झालेला पाहिजे, दगडासारखा किंवा निदान कडक रबरासारखा. काकवीसारखा पातळ राहिला असेल तर मिक्समध्येच चूक आहे. कपातला गोळा कडक आहे आणि गाडीवरचं मऊ आहे, तर मिक्स बरोबर होतं, गाडीवर थर जाड झालाय किंवा पत्रा गार होता. कप गेला असेल तर बोनेटच्या आतल्या कडेला, जिथं स्प्रे उडाला असेल तिथं, चिंधीला चांगलं थिनर लावून वीस-पंचवीस वेळा घासा. नीट झालेलं टू-के क्लिअर त्यानं फार तर थोडं मंद होतं, पण निघत नाही. चिंधीला चिकट होऊन निघून आलं तर जाळं झालेलंच नाही.

मिक्समध्ये चूक कुठं होते ते सांगतो. एक, माप. क्लिअर बहुतेक दोन प्रकारात येतात, टू-इज-टू-वन आणि फोर-इज-टू-वन. ४०० मिली क्लिअरला पहिल्यात २०० मिली हार्डनर लागतो आणि दुसऱ्यात १००. नेहमी फोर-वनचा माल मारणारा माणूस एखाद्या दिवशी टू-वनचा डबा आणतो, हाताला सवय जुनीच, आणि अर्धाच हार्डनर पडतो. असलं क्लिअर महिन्यानं पण नखाला मऊच लागतं. दोन, हार्डनर जुना. हार्डनरला पाणी चालत नाही, हवेतली ओल सुद्धा चालत नाही. अर्धा संपलेला डबा पावसाळ्यात महिनाभर ठेवला, झाकण नुसतं वर टेकवलं, की आतला माल धुरकट होतो किंवा तळाला पांढरा गाळ बसतो, झाकणाच्या कडेला खडे जमतात. चांगला हार्डनर पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, ढगाळ दिसला की फेकायचा, किंमत बघायची नाही. तीन, थिनर. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंटचं थिनर. स्वस्त पडतं म्हणून गन धुवायचं थिनर क्लिअरमध्ये घालतात. त्यात अल्कोहोल असतं, वर पाण्याचा अंश पण असू शकतो, आणि आयसोसायनेट रेझिनला सोडून त्यांनाच जाऊन चिकटतं. म्हणजे हार्डनर मापात टाकूनही तो खर्च भलतीकडंच होतो. क्लिअरला पीयू (पॉलियुरेथेन) थिनर किंवा त्याच कंपनीचं थिनर, बाकी काही नाही.

यातलं काही सापडलं नाही तर मग तापमानाकडं या. मोठ्या वर्कशॉपात बूथमध्ये ६० डिग्रीला अर्धा तास भाजतात आणि गाडी थंड झाली की हातात येते. पण ते ६० डिग्री पत्र्याचं असतं, हवेचं नाही. बूथ चालू केल्यावर पत्रा ६० वर पोचायलाच वेळ जातो आणि अर्धा तास त्याच्यानंतर मोजायचा. ढोबळ हिशोब असा धरा की दर १० डिग्री वाढीला हे रसायन दुप्पट पळतं. म्हणजे पत्रा २६ वरून ३६ वर नेला तर कुठलीही बाटली न उघडता वेळ निम्मा झाला, आणि फायदा असा की उष्णतेनं थिनरपण पळतं. दोन्ही कामं बरोबरीनं पुढं जातात. म्हणून मी कायम म्हणतो पैसा खर्च करायचा तर बाटलीवर करू नका, इन्फ्रारेड लॅम्पवर करा. एक शॉर्टवेव्ह लॅम्प घेतला, सेकंडहँड मिळाला तरी, की बोनेट-फेंडरसारख्या कामाला बूथची उणीव बरीच भरून निघते. क्लिअर मारल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडायचं, मग लॅम्प ७०-८० सेंटिमीटरवर धरून आधी कमी पॉवरला, मग फुल. पहिल्या मिनिटापासून फुल मारला तर उकळी फुटते, परत तीच भोकं. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला लांबून आणि कमी, ५० च्या वर नेऊ नका नाहीतर लोंबतो.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन घ्या. कोविडमध्ये कपाळाला लावायची जी घरोघरी आली होती ती नाही, ती फक्त अंगातला ताप मोजायला बनवलेली असते, आपल्याला इंडस्ट्रियलवाली पाहिजे. उघड्या चकचकीत पत्र्यावर ती चुकीचं दाखवते पण पेंटवर बरोबर.

शेड गरम करायला कोळशाची शेगडी किंवा गॅसची भट्टी लावणारे लोक मी बघितलेत. कृपा करून करू नका. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघत असते, आणि शिवाय गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे आधीच दमट शेडमध्ये तुम्ही अजून पाणी सोडताय.

पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की हवा ओली म्हणून थिनर उडत नाही. थिनर उडतंच, त्याला हवेतल्या पाण्याचं फारसं काही नसतं. खरा त्रास दुसराच आहे. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि गार पत्र्यावर दव बसतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) निदान ३ डिग्री गरम पाहिजे. हवा २६ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या वर असतो. म्हणजे पत्रा हवेइतकाच २६ ला असला तरी तुम्ही जेमतेम दोन डिग्रीवर उभे आहात, त्यात रात्रभर बाहेर भिजलेली गाडी आत घेऊन लगेच मारली तर संपलंच. तीच हवा शेडमध्ये ३२ डिग्रीपर्यंत गरम केली तर आर्द्रता ९० वरून ६५ च्या आसपास उतरते, पाणी तेवढंच असूनही. म्हणून आदल्या दिवशी गाडी आत घ्या, पत्रा लॅम्पनं कोमट करून घ्या, मग गन हातात धरा.

दमट हवेत पाणी दुसरं एक काम करतं. आयसोसायनेट पाण्याशी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बारीक बुडबुडे थरात अडकतात आणि क्लिअर दुधाळ दिसतं. आणि नीट ऐका, ॲक्सिलरेटर या पाण्याच्या रिॲक्शनलापण जोर देतो, त्यातही टिनऐवजी अमाइन नावाचं रसायन असलेला असेल तर जास्तच. म्हणजे ज्या मोसमात लोकांना बाटलीची सगळ्यात जास्त आठवण होते त्याच मोसमात ती सगळ्यात जास्त घात करते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा आणि शेवटच्या कोटच्या आधी परत एकदा सोडा, गनच्या जवळ हवेतलं पाणी वेगळं करणारा एक सेपरेटर असलाच पाहिजे. पाइप भिंतीवरून लांब फिरवून आणा म्हणजे हवा गार होऊन पाणी वाटेतच पडतं.

एवढं सगळं ठीक आहे आणि तरी तुम्हाला वेग पाहिजे, तर पहिली पायरी फास्ट हार्डनर. हार्डनर फास्ट, मीडियम, स्लो असे येतात आणि ते तापमान बघून निवडायचे असतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी पहाटे पारा एक आकड्यावर येतो, तिथं फास्ट बरोबर. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत स्लो लागतो, तिथं ॲक्सिलरेटरचं नाव पण काढू नये, माल गनमधून पत्र्यावर जाईपर्यंतच ओढतो, म्हणजे घट्ट व्हायला लागतो, आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उठतो. फास्ट हार्डनरमध्ये बऱ्याचदा कॅटलिस्ट आधीच घातलेलं असतं, एक्सप्रेस किंवा एअर-ड्राय म्हणून विकतात त्या क्लिअरमध्ये तर असतंच. त्यावर परत बाटली म्हणजे डबल डोस. डब्यावरची टेक्निकल शीट कंपनीच्या साइटवर मिळते, त्यात ॲक्सिलरेटरचा उल्लेखच नसेल तर त्या क्लिअरमध्ये तो टाकू नका.

आणि शीटमध्ये असेल तर असं करा. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. समजा ४०० मिली क्लिअर, २०० हार्डनर आणि ६० थिनर असा ६६० मिली माल होतोय, तीन पार्टला तेवढा लागतोच. शीटमध्ये १ टक्का लिहिलंय तर साडेसहा मिली. आता सिरिंजनं तुमच्या बाटलीच्या झाकणात पाणी भरून बघा किती बसतं, म्हणजे दुकानदाराच्या सल्ल्याचं खरं माप तुम्हालाच कळेल. पहिल्यांदा करताय तर शीटवरच्या कमीत कमी आकड्याच्याही निम्म्यानं सुरू करा आणि भंगारातल्या पत्र्यावर मारून बघा. शीटमध्ये क्रम दिला असेल तर तो पाळा, नसेल तर ॲक्सिलरेटर आधी थिनरमध्ये मिसळा आणि ते थिनर मालात घाला, थेट टाकलं तर एका जागी गोळा होऊन तिथलाच माल आधी ओढतो. आजच्या कपातच टाकायचं, क्लिअरच्या मोठ्या डब्यात नाही आणि हार्डनरच्या डब्यात तर कधीच नाही.

माल तयार झाला की घड्याळ सुरू. साधं क्लिअर कपात दोन-तीन तास चालतं, कॅटलिस्ट घातल्यावर ते अर्ध्या-पाऊण तासावर येऊ शकतं आणि ३५ डिग्रीच्या शेडमध्ये अजून कमी. म्हणून मास्किंग, टॅक क्लॉथ (धूळ टिपायचं चिकट फडकं), गनची सेटिंग सगळं आधी उरकून मगच मिसळायचं. मध्येच फोन आला, गिऱ्हाईक आलं, म्हणून गन टांगून ठेवली तर नीडल-नोझल कायमचं बसतं. मारून झाल्या झाल्या गन धुवायची, चहा नंतर.

कोट देताना पहिला हलका, सगळीकडं ओलसर दिसेल इतकाच. मग मास्किंग टेपवर जिथं माल उडालाय तिथं बोट टेकवून उचला. धागा निघाला तर थांबा. बोटाला चिकटल्यासारखं वाटतं पण धागा येत नाही, तेव्हा दुसरा कोट. दोन कोट मिळून सुकल्यावर ५०-६० मायक्रॉन पुरे आहेत. ॲक्सिलरेटर घातलाय आणि तिसरा जाड कोट चढवला तर तुम्ही स्वतःच भोकांना आमंत्रण दिलंत. मेटॅलिक किंवा सॉलिड बेस (क्लिअरखालचा रंगाचा थर) जो असेल तो क्लिअरच्या आधी पूर्ण मंद झालेला पाहिजे, बेस ओला असताना वरून घाईचं क्लिअर मारलं तर बेसमधलं थिनरपण आतच अडकतं, हे प्रकरण मला क्लिअरच्या जाडीपेक्षाही जास्त वेळा दिसलंय.

कुठं वापरायचा यावर माझं मत पक्कं आहे. साइड मिररचं कव्हर, दाराचं हँडल, बंपरचा कोपरा, फार तर एकटा फेंडर. लहान उभी कामं, जी दोन मिनिटात मारून होतात. पावसाळ्यात संध्याकाळी लाइटला किडे येतात तेव्हा असल्या कामाला लवकर धूळमुक्त होण्याचा खरंच उपयोग आहे. बोनेट आणि टपावर नाही. मोठ्या आडव्या पार्टवर तुम्ही या कडेपासून त्या कडेला जाऊन परत येईपर्यंत पहिली कड ओढलेली असते, मग वरून पडणारा स्प्रे त्यात विरघळत नाही, खरखरीत पट्टा तयार होतो. अख्खी गाडी तर नाहीच नाही. आणि जिथं क्लिअर जुन्या क्लिअरमध्ये मिसळून संपवायचंय तिथं पण नको, मिसळायला त्याला मऊ राहायला लागतं. त्यामुळं दर गाडीला टाकायचा का, याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

लवकर हात लावायला झालं म्हणजे पूर्ण कडक झालं असा अर्थ नाही. क्लिअरची ताकद यायला आठवडा लागतोच. ॲक्सिलरेटरनं पहिले तास वाचतात, शेवटचे दिवस नाही. त्याच दिवशी दोन हजारचा पेपर मारून कटिंग-पॉलिश केलं तर त्या दिवशी आरसा दिसतो आणि उरलेलं थिनर निघून गेल्यावर परत बसतं. रात्र जाऊ द्या, जमलं तर दोन रात्री.

मास्कबद्दल बोलल्याशिवाय मी हे उत्तर संपवणार नाही, कारण आपल्याकडं तोंडाला रुमाल बांधून टू-के मारणारी पोरं मी रोज बघतो आणि मला ते बघवत नाही. आयसोसायनेटचा धोका हा आहे की त्याला वास जवळजवळ नसतो. जो वास येतो तो थिनरचा. त्यामुळं "आता वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय" हा हिशोब चालत नाही. छातीला एकदा याची ॲलर्जी बसली की आयुष्यभराचा दमा, मग अगदी थोड्या मालानंही श्वास अडकतो आणि तो माणूस या धंद्यातून उठतो. बाहेरून स्वच्छ हवा देणारा एअर-फेड मास्क हा बरोबर इलाज, ते जमेपर्यंत निदान नवीन कार्ट्रिजचा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून ट्रेनिंग घेतल्याशिवाय कामगाराला असला माल वापरता येत नाही. आपल्याकडं गॅरेजमध्ये कुणी तपासायला येत नाही, म्हणून आपलं आपणच बघायचं. ॲक्सिलरेटर हाताला लागला तर लगेच साबणानं धुवा, टिन कातडीतून आत जातं.

तुमच्या गाडीचं आता असं करा. बोनेट आणि फेंडर लॅम्पखाली आणा, पत्रा ६० ला नेऊन अर्धा तास ठेवा, बंपर ५० च्या खाली पण जास्त वेळ. पूर्ण गार होऊ द्या, मग नख लावा. कडक झालं असेल तर थर जाड होता किंवा पत्रा गार होता, एवढंच, दोन दिवस थांबून पॉलिश करा. तरी मऊ असेल तर वरून नवीन क्लिअर मारायचा मोह टाळा, खालचं कच्चं क्लिअर नवीन थिनरनं फुगतं आणि सगळ्याच्या सुरकुत्या होतात. प्लास्टिकच्या पट्टीनं आणि थिनरच्या चिंधीनं सगळं काढायचं, खालचा कडक थर लागेपर्यंत, मग पाचशेचा पेपर, सरफेसर (बेसखालचा प्रायमर), बेस, क्लिअर. बंपरवर थिनर फार वेळ ठेवू नका, जपून. दिवस जातो पण दुसरा रस्ता नाही. गिऱ्हाईकाला खरं कारण सांगा, आठवडाभर शाम्पूनं धुवू नका म्हणा, आणि पावसात गाडीवर कव्हर तर बिलकुल टाकू नका म्हणा, ओल्या कव्हरचं विणकाम नवीन क्लिअरवर छापलं जातं आणि मग तक्रार परत तुमच्याकडंच येते.

हार्डनरचा डबा आतून स्वच्छ दिसतोय का ढगाळ, थिनर कुठलं होतं आणि प्रमाण टू-वन का फोर-वन, एवढं तपासून कळवा. नखाला काय लागलं तेपण सांगा, मग पुढचं बघू.